लग्नपत्रिकेला '.एपीके' शेपूट नसते

महोदय,

व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच क्रमांकावरून लग्नपत्रिका किंवा वाहनाचे ई-चलन येते, म्हणून लोक ती फाइल निर्धास्तपणे उघडतात. आधी नावाचा शेवट पाहावा. पत्रिका पीडीएफ, फोटो किंवा व्हिडिओ असते, शेवटी '.एपीके' असेल तर ते अ‍ॅप आहे आणि पाठवणाऱ्याचा फोन बहुधा आधीच चोरांच्या ताब्यात गेला आहे. फाइल नुसती आल्याने काही बिघडत नाही. ती इन्स्टॉल करून एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी परस्पर चोरांकडे जातात.

चूक झालीच तर प्रथम मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; इथे तासाभराचा उशीरही फार महागात पडतो. अ‍ॅप निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'मधून त्याचा अधिकार आधी काढावा लागतो. नंतर व्हॉट्सअ‍ॅपमधील 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासून अनोळखी उपकरणे लॉगआउट करा आणि तिथेच 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा (दुहेरी पडताळणीचा) ६ अंकी पिन लावा. नातेवाइकांना मात्र फोन करूनच सावध करा, कारण तुमच्या नावाने तीच पत्रिका त्यांच्याकडे पोचलेली असू शकते.

— एक वाचक, पुणे