परीक्षेचा ताण अंगावर निघतो

बारावीची परीक्षा तोंडावर आली की कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासमधली कितीतरी मुलं सर्दी-तापातच सराव पेपरला बसतात. माझ्या मुलीचं तोंड इतकं आलं होतं, की गार दूधही गिळवत नव्हतं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून हे थांबत नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर ३.५ मिलिमीटरची जखम केली होती. उन्हाळी सुट्टीपेक्षा परीक्षेच्या दिवसांत ती भरायला सरासरी ३ दिवस जास्त लागले! क्लासचालकांनी रात्री नऊनंतरचे पेपर कृपया बंद करावेत. आजारी मुलाला घरी झोपू द्यायला आम्हा पालकांचीही तयारी हवी.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक