कुणासाठी शब्द टाकशील

प्रिय मनू,

परवा विचारलंस ना, आई तू माझ्या जागी लेखकांची पुस्तकं प्रकाशकांकडे नेणारी एजंट असतीस तर कुठली पुस्तकं घेतली असतीस. फोनवर हे नीट बोलता येत नाही म्हणून लिहितेय.

ज्यांच्यासाठी शब्द टाकायला कुणी नाही त्यांची घेतली असती. मराठीत लेखक बहुतेक वेळा स्वतःच प्रकाशकाकडे बाड पाठवतो आणि महिनोन्‌महिने वाट बघत बसतो. ज्याच्या चार ठिकाणी ओळखी आहेत त्याचं पुस्तक तुझ्याशिवाय पण छापलं जाईल गं.

आता आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकू बघ. आयुष्यभर नर्स होत्या, रिटायर झाल्यावर वह्या लिहायला लागल्या. त्यात एक पान आहे, रात्री व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक ओळीनं झोपलेले असतात त्यातल्या नेमक्या एकाला कसं उठवायचं, तर हाक मारायची नाही, कारण मग सगळेच आपल्या माणसाचं काही झालं म्हणून दचकून उठतात, पायाचा अंगठा हलकेच दाबायचा आणि तो उठून बसला की कानाशी बोलायचं. हे घरात बसून कुणाला सुचेल सांग? असं कामात मुरलेल्या माणसांचं लिखाण मला हवं. भाषा ओबडधोबड असली तरी चालेल, आणि आपली गुजराती मिसळलेली बडोद्याची मराठी असली तर ती तशीच राहू दे, तिला पुण्याची करू नकोस.

कथासंग्रह खपत नाहीत म्हणतात, तरी घे. 2025 चं इंटरनॅशनल बुकर पारितोषिक बानू मुश्ताक यांच्या इंग्रजीत आलेल्या कन्नड कथांनाच मिळालं, आणि त्याचे 50,000 पाउंड लेखिका आणि अनुवादक दीपा भास्थी यांच्यात निम्मे निम्मे. त्यामुळे अनुवादाचं पुस्तक घेशील तेव्हा अनुवादकाचं नाव कव्हरवर येणार हे काँट्रॅक्टमध्येच लिहून घे, नंतर कुणी ऐकत नाही. एक पुस्तक गाजलं की त्याच्यासारखी दहा येतात ती मात्र सोडून दे.

आणि दिल्लीत बसून मेलवर येईल तेवढंच वाचू नकोस. सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं आणि त्यांच्या वेळेपासून पेट्या भरून पुस्तकं खेड्यापाड्यांत जायला लागली, मांडवीची सेंट्रल लायब्ररी त्यातलीच, जिच्या काचेच्या मजल्यांवर पाय ठेवायला तू घाबरायचीस. वाचणाऱ्यांसाठी एवढी धडपड झाली, लिहिणाऱ्यांसाठी पण कुणीतरी करायला हवी ना. इंदूर, ग्वाल्हेरला जा, तिथल्या मराठी मंडळींना भेट, कुणाच्या कपाटात काय पडलंय ते विचार.

तुझी अडचण कळते मला. लेखकाला पैसे मिळाले तरच तुझे 15 टक्के, म्हणजे मन पटकन विकल्या जाणाऱ्या पुस्तकाकडेच ओढणार. थोडी तशी पण घे, घरभाडं द्यायचंय. फक्त नुसतं वाचून बघायचे पैसे लेखकाकडून कधी घेऊ नकोस, बाकीचे घेत असले तरी.

काकूंच्या वह्यांचे फोटो उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, त्यांनीच टाक म्हणून सांगितलंय. अक्षर बारीक आहे, झूम करून वाच. आवडलं तरच हो म्हण, माझं मन राखायला नको, आणि नाही आवडलं तर काय कमी पडलं ते काकूंना तूच फोन करून सांग.

तुझी,
आई