दुसरा अंतरा

परभणी,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय पंड्या,

पत्र बघून कोण गेलं की काय असं मनात आणू नकोस. सगळे आहेत. माझी शुगर होती तिथंच आहे, आईचा गुडघा दुखतोय. सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात गेलं, त्यावर आता बोलवत नाही. फोनच केला असता, पण आपल्या जुन्या बँडमधल्या मुन्नाचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. कागद फार तर फाडशील. वाचून फाड.

तर मुन्ना भेटला. जालन्याला, आमच्या साहेबांच्या मुलीच्या रिसेप्शनला. ऑर्केस्ट्रा त्याचाच होता. पोट सुटलंय, केस काळे केलेत, गळ्यात रुमाल तसाच. किशोर झाला, रफी झाला, करवल्यांसाठी नाचायची गाणी झाली, लोक जेवणाच्या रांगेत ताटं वाजवत उभे. मग निवेदक म्हणाला, "आता मुन्नाभाईंचं स्वतःचं गाणं." आणि 'टेलचं पाणी' सुरू झालं.

स्वतःचं म्हणे! शब्द तुझे, चाल तुझी, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला, ज्याचं रान कोरडं पडलं तो बाप तुझा, आणि गाणं मुन्नाभाईंचं! मी ताट ठेवून सरळ स्टेजकडं निघालो होतो. भांडणारच होतो, खरंच. तेवढ्यात त्यानं दुसरा अंतरा घेतला. पुरा. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मग? छान म्हटलं ना त्यांनी?" तान घ्यायला जागा नाही म्हणून गॅदरिंगला त्यानं तोच अंतरा गाळला होता, आणि तू गिव्हसनची गिटार खाली ठेवून जो गेलास तो गेलासच, हे तिला काय माहीत.

तेव्हापासून डोक्यात आपलं तेच जुनं चाललंय. लिहिणारा मोठा की गाणारा? तू म्हणायचास, गायक बदलता येतो. एसी/डीसी बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि जुलैत नवा गायक घेऊन त्यांनी सगळ्यात गाजलेला अल्बम काढला, कारण गिटारवर रिफ काढणारे यंग भाऊ जागेवर होते. खरंय. जेनेसिसमधून १९७५ ला गायक गॅब्रिएल बाहेर पडला, ड्रमवरच्या फिल कॉलिन्सनं माईक घेतला आणि बँड आधीपेक्षा मोठा झाला. (आपल्यात ड्रमवर मी होतो, तेव्हा हे उदाहरण मीच का देतो ते तुला ठाऊक आहे. तुम्ही मला कधी कोरससुद्धा दिला नाहीत.)

पण मग क्वीनचं काय करतोस? स्टेडियममधले लोक पाय आपटून गातात ते गाणं ब्रायन मेचं, बेसची ती धून जॉन डीकनची. लिहिणारे चौघं होते, त्यातला एक गेला. १९९१ ला गायक फ्रेडी गेला, बाकीचे तिघं धडधाकट, तरी बँड तिथंच थांबला. पुढं नवे गायक घेऊन फिरले, पण लोक मागतात ती जुनीच गाणी. फ्रेडी पाचगणीला शिकला म्हणून तू त्याला "सातारचं पोरगं" म्हणायचास, तेवढाच तुझा त्याच्यावर जीव.

आणि २०२५ च्या जुलैत ब्लॅक सबाथचा गायक ऑझी गेला तेव्हा तू मला रात्री दीड वाजता मेसेज टाकलास, "शब्द गीझर बटलरचे होते, हे कुणी बोलेल का?" नाही बोललं फारसं कुणी. बेसवाल्यानं लिहिलेलं जगानं ऑझीच्या तोंडून ऐकलं आणि ऑझीचं म्हणूनच रडले. तुला राग आला. मला वाटतं, ते रडणारे काही खोटे नव्हते.

मी अजूनही गायकाच्याच बाजूनं आहे. लाइट गेली होती ती रात्र आठव. अँप बंद, तुझी गिटार मुकी, माईक मेला. मी नुसता ठेका धरून होतो आणि मुन्ना उघड्या गळ्यानं गात राहिला. मागच्या भिंतीवर बसलेली पोरं खाली उतरून पुढं आली. तू नंतर म्हणालास, ती शब्दांसाठी आली. अरे, त्या अंधारात शब्द कुणाला कळत होते?

पण जालन्यापासून एक गोष्ट सोडत नाही. मुन्नानं आजवर दुसऱ्यांची किती गाणी म्हटली असतील, त्याचा हिशोब त्यालाही नसेल. त्यात स्वतःचं म्हणायला त्याच्याकडं एकच, आणि तेही तुझं. तुझ्याकडं वहीभर गाणी, आणि त्यातलं लोकांनी ऐकलेलं एकच, तेही त्याच्या गळ्यातलं. ओअ‍ॅसिसचे ते दोघं सख्खे भाऊ, एक लिहिणार, एक गाणार. २००९ ला पॅरिसात भांडून फुटले आणि २०२५ च्या जुलैत कार्डिफला परत एका स्टेजवर उभे राहिले. तुम्ही तर भाऊही नाहीत. तुम्हाला कसला एवढा माज?

आता मुद्द्याचं. मुन्नाला गाणं नीट रेकॉर्ड करायचंय. म्हणाला, "पंड्याला तूच विचार, मी विचारलं तर शिव्या देईल." मी जरा कायदा दाखवला. म्हटलं, अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे लिहिणाऱ्याला, गायकाला छदाम नाही. आपल्याकडं २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकारानं हक्क विकला तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा सुटत नाही. तर म्हणतो, "वाटा कसला बे, इथं मी पदरचे घालायलो."

मला विचारशील तर खरं भांडण पैशाचं नाहीच, नावाचं आहे. आणि ते आपल्या लोकांनी कधीच मिटवून ठेवलंय. परवा मारुतीच्या देवळात भजनाला बसलो होतो तेव्हा लक्षात आलं. नरसीचा नामदेव, गंगाखेडची जनी, पैठणचे नाथ, सगळ्यांनी आपलं नाव शेवटच्या कडव्यात ओवून ठेवलंय. गाणारा कितीही मोठा असू दे, "नामा म्हणे" म्हटल्याशिवाय त्याचा अभंग पुरा होत नाही. निवेदक काय वाट्टेल ते बोलो. (विष्णुदास नामा म्हणून दुसरा एक नामा त्याच गाथेत शिरलाय आणि अभ्यासक अजून निवडत बसलेत, ती गोष्ट वेगळी. परभणीत दुसरा पंड्या निघणार नाही.)

तर तिसरा अंतरा लिही, आणि त्यात तुझं नाव घाल. मुन्नाला मी हे सांगितलं. आधी खूप हसला. मग म्हणाला, "लिही म्हणावं, म्हणतो मी. पण तानेला जागा सोड म्हणावं."

बाकी तुमचं काय? पोराची बारावी ना यंदा? क्लासच्या फीवरून त्याला रोज बोलू नकोस. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली थांबली असं आई म्हणत होती, चांगलं झालं. काकूंना नमस्कार.

मुन्ना फेब्रुवारीत उर्साला परभणीत येतोय, माझ्याकडंच उतरणार आहे. त्याच्या आत लिहून पाठव. नाहीच म्हणायचं असेल तर तेही मला नको सांगूस, त्याला सांग. मी दोघांचे निरोप वाहायचे किती दिवस?

तुझा,
दिल्या

ता. क. तुझी ती निळी वही माझ्याकडं नाही, दर वेळी विचारू नकोस. ती मुन्नाकडं आहे. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.