धाकट्याला कोइंबतूरला जाऊ दे

बेळगाव, रविवार

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मशीनवर जॉब चढवलेला होता, पोरं खोळंबली होती, त्यामुळं तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. आज उद्यमबागेतले कारखाने बंद आहेत आणि सकाळपासून पावसानं झड धरलीय. म्हटलं, सावकाश लिहूनच काढावं. तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला दोघांनाही सवडीनं वाचता येईल.

तुझं म्हणणं असं की पोरगं चेन्नईच्या मोटरसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर आत्ता कुठं बसायला लागलंय. तिथं पहिल्या दहांत येतं. कोइंबतूरला नेलं तर शेवटून तिसरं आलं, तोंड पाडून निपाणीला परतलं. मग दोन्हीकडं पैसे कशाला वाटायचे, एकाच ठिकाणी घासू दे की. घर चालवणाऱ्या माणसाचा हिशेब म्हणून मला तो समजतो. दोन्ही ट्रॅक आपल्यापासून आठशे किलोमीटरच्या वर. गाडी पिकअपमध्ये बांधून न्यायची, डिझेल, टायर, प्रवेश फी, राहणं. तरीही तुझा निर्णय चुकतोय असं मला वाटतं. हे मी पुस्तकी बोलत नाही, याच चुकीत माझी स्वतःची तीन वर्षं गेलीत.

तुला आठवत असेल, मी पहिली तीन वर्षं फक्त इरुंगाट्टुकोट्टईला, म्हणजे चेन्नईच्या ट्रॅकवरच जात होतो. 3.717 किलोमीटरचा ट्रॅक, बारा वळणं, डोळे मिटून सांगेन इतका पाठ. पहिल्या वर्षी वेळ भराभर कमी झाली, दुसऱ्या वर्षी थोडी, तिसऱ्या वर्षी काटा हलेना. मला वाटायचं गाडीत दम नाही. इंजिन उतरव, कार्बोरेटर बदल, सायलेन्सर बदल, सगळं केलं. मग कोइंबतूरला कारी स्पीडवेवर गेलो. 2.1 किलोमीटर, पण चौदा वळणं. चेन्नईत सरळ रस्त्यावर श्वास घ्यायला, पुढचा विचार करायला सवड मिळते. कोइंबतूरला एक वळण संपतंय तोवर दुसरं अंगावर येतं. पहिल्या दिवशी मी इतका मागं पडलो की संध्याकाळी कुणाशी बोललो नाही. पण त्याच रात्री मला उमगलं की तीन वर्षांत मी चेन्नईचा ट्रॅक शिकलो होतो, वळण घ्यायला शिकलोच नव्हतो.

धाकट्याला एक प्रश्न विचारून बघ. चेन्नईत अमुक वळणाला ब्रेक कुठं धरतोस? तो लगेच सांगेल, त्या पाटीपाशी. आता विचार, पाटी उचलून नेली तर? तिथं तो अडेल. पाटीपाशीच का, हे त्यानं कधी शोधलेलंच नाही. कुणीतरी पुढं चाललेला तिथं ब्रेक मारत होता, यानंही मारला, जमलं, बसलं. ताशी 100 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर जाते. पाव सेकंद उशीर झाला तर सात मीटर गेले. एवढ्या घाईत डोकं विचार करत नाही, सवय काम करते. आणि एकाच जागी लागलेली सवय त्या जागेलाच चिकटून बसते.

नव्या ट्रॅकवर हा आधार जातो. मग डोळे आपोआप लांब टाकावे लागतात. वळण उघडतंय की आवळत चाललंय, रस्ता बाहेरच्या अंगाला ढळलाय का, डांबराचा रंग कुठं बदलतोय, बाहेर पडताना किती रस्ता हातात आहे, हे सगळं बघून ब्रेकची जागा स्वतः ठरवावी लागते. हे कसब एकदा अंगात आलं की ते माणसाबरोबर प्रवास करतं. मी कोइंबतूरला तीन वेळा जाऊन आल्यावर चेन्नईत उतरलो, तेव्हा गाडी तीच, टायर त्याच बनावटीचे, आणि मी माझ्या जुन्या वेळेपेक्षा दीड सेकंद पुढं होतो. अडकलेला काटा तिथं सुटला.

तुझा भाऊ लेथवर बसलेला आहे, त्याला रेडियसच्या भाषेत सांग. गाडी 45 अंशात झुकवली तर 25 मीटर त्रिज्येच्या वळणात वेग येतो ताशी 56 किलोमीटर. त्रिज्या चौपट, म्हणजे 100 मीटर केली, तरी तेवढ्याच झुकावात वेग फक्त दुप्पट होतो, 113 च्या आसपास. याचा अर्थ नीट बघ. आवळ वळणात वेग कमी, म्हणून तिथं रेषा (वळणातून गाडी न्यायची वाट), ब्रेक हळूहळू सोडत आत शिरणं आणि बाहेर पडताना थ्रॉटल कधी उघडायचा, यावर सगळं ठरतं. मोठ्या वेगवान वळणात हात शांत ठेवायचा, नजर लांब आणि अंगात घट्टपणा नको. ही दोन वेगळी कामं आहेत. चेन्नईतलं मुख्य सरळ संपल्यावरचं पहिलं उजवं वळण दुसऱ्या कामाची परीक्षा घेतं. पहिलं काम कोइंबतूर दिवसभर करून घेतं, फेरीमागून फेरी. एका फेरीत चौदा वळणं, म्हणजे वीस फेऱ्यांत 280 वेळा ब्रेक, झुकाव, थ्रॉटल. पैशाच्या हिशेबानंही बघ, एवढा सराव तुला दुसरीकडं कुठं मिळणार?

आणि डावीकडचं एक. ही दोन्ही वर्तुळं घड्याळाच्या दिशेनं फिरतात, म्हणजे उजवीकडची वळणं जास्त. धाकट्याचे टायर बघितलेस का? उजवी कड झिजलेली, डावीला अजून कोरेपणाची चमक. पोरगं डावीकडं झुकायला बिचकतं. स्पेनचा मोटरसायकल शर्यतपटू मार्क मार्केझचं उदाहरण घे. जर्मनीतला साक्सेनरिंग ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेचा, तेरा वळणांपैकी दहा डावी. तिथं 2010 पासून 2021 पर्यंत तो उतरला ती प्रत्येक शर्यत जिंकला, लहान गटापासून मोठ्यापर्यंत. त्याची डावीकडची वळणं एवढी पक्की होण्यामागं मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरचा सराव आहे असं जाणकार सांगतात, कारण तिथं सदोदित डावीकडंच फिरायचं असतं. आपल्याला माती चालेल, कोल्हापूरचा कार्टिंगचा ट्रॅकही चालेल. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. सकाळी निघून रात्री घरी. लहान गाडी घेऊन जाऊ आणि मालकानं परवानगी दिली तर अर्धा दिवस उलट्या दिशेनं फिरवू.

तू म्हणालास, चोर्ला घाट आहेच की, वळणांची काय कमी? मित्रा, हे मात्र मनातून काढून टाक. जांबोटीच्या पुढं सकाळी धुकं, रस्त्यावर खडी, समोरून गोव्याचे ट्रक. हंगामात निपाणी-चिकोडीकडं उसाचे ट्रॅक्टर दिव्याविना. आमच्या गल्लीतला एक पोरगा घाटात पडला, दोन महिने अंथरुणावर होता, अजून पाय ओढतो. घाटात शहाणा माणूस हातचं राखूनच चालवतो, आणि हातचं राखून चालवताना आपली हद्द कुठं आहे ते कळत नाही. ट्रॅकवर पडायला जागा असते, धोक्याचा पिवळा झेंडा असतो, अॅम्ब्युलन्स उभी असते. शिकायचं तिथंच.

आता तुझ्या मनातला खरा प्रश्न. शेवटून तिसरा आला, त्याचं काय? नव्या जागी केलेला सराव वाया जात नाही. 1978 साली कॅनडात कर आणि बूथ या दोन संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांकडून छोट्या पिशव्या नेमावर टाकून घेतल्या. काहींना तीन फुटांवरच सराव दिला. काहींना दोन आणि चार फुटांवर, तीन फुटांवर अजिबात नाही. नंतर परीक्षा घेतली ती तीन फुटांवर, आणि तिथं दोन-चारवाली मुलं सरस ठरली. पिशवी आणि मोटरसायकल एक नव्हे, हे मलाही कळतं. पण आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला हे नवं नसावं. घरात मराठी, शाळेबाहेर कानडी, बाजारात हिंदी. ज्याला दोन भाषा आल्या त्याला तिसरी पटकन येते, कारण भाषा कशी पकडायची हेच त्याला आलेलं असतं. तालमीतही एकाच जोडीदाराशी रोज झोंबणारा मल्ल परगावच्या जत्रेत पहिल्या अनोळखी डावाला गडबडतो.

2023 च्या सप्टेंबरात मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची जागतिक मालिका, नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर आली होती ना. मोटोजीपीसाठी तो ट्रॅक पूर्ण कोरा, तिथं त्यांची आधी एकही शर्यत झालेली नव्हती. तरी शुक्रवारी सरावाला उतरलेले लोक रविवारी विजेत्या मार्को बेझेकीच्या मागं लागून लढत होते, ऊन एवढं की फेऱ्या कमी कराव्या लागल्या. दोन दिवसांत ट्रॅक ताब्यात घेण्याची ताकद त्यांच्यात आली कुठून? लहानपणापासून वेगवेगळ्या ट्रॅकवर हात फिरल्यामुळं. आपली पोरं बहुतेक दोनच ट्रॅकवर वाढतात, त्यातला एक तू काढून टाकायला निघालास.

एक गोष्ट तुझ्या बाजूनं मान्य करतो. अगदी नवख्याला दर महिन्याला नवा ट्रॅक दाखवला तर त्याचा गोंधळ होतो. आधी एक घर हवं, जिथं भीती जाते, गियर बदलताना खाली बघावं लागत नाही. धाकट्याचं ते घर झालंय, म्हणूनच आता बाहेर पडायची वेळ आहे. दोन हंगामांपूर्वी तू विचारलं असतंस तर मीच थांब म्हटलं असतं.

पुढच्या वेळी कोइंबतूरला असं करू. आदल्या दिवशी दुपारी पोचायचं आणि ट्रॅक पायी फिरायचा, परवानगी मिळते. रात्री न बघता वहीत ट्रॅक काढायचा, प्रत्येक वळणापाशी गियर आणि ब्रेकची खूण. जिथं रेष अडखळेल तिथंच सकाळी वेळ जातो, हा माझा अनुभव आहे. पहिलं सत्र आरामात, फक्त रेषा बघायला, स्टॉपवॉच हातात घ्यायचं नाही. आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, दोन दातांनी मोठं लावू. गेल्या वेळी चेन्नईचंच गियरिंग ठेवलं होतं, वळणातून बाहेर पडताना इंजिन खाली बसत होतं. त्याचं दुःख निम्मं तिथलं होतं, आणि ती चूक माझी, कारण स्प्रॉकेट मी बसवलं होतं. नवं मी इथंच बनवून ठेवलंय, गाडी आणलीस की लावून बघू.

पिकअप माझी असेल, डिझेल अर्धं-अर्धं. त्याच्यावर ओरडू नकोस. पोरगं हरलं म्हणून त्याचं तोंड उतरलं नव्हतं, तू काय म्हणशील म्हणून उतरलं होतं, हे मी तिथं बघितलंय.

आईंना नमस्कार सांग. येताना त्यांच्या हातची ठेच्याची बरणी आण. पाऊस ओसरला की शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन ये, रात्री इथंच राहा.

तुझाच,
उद्यमबागेतला मित्र