आवाज घालवण्यासाठी तिसरी पिन कापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मी घरच्या संगणकावर पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. यंदा कूलर सुरू झाले आणि स्पीकरमधून, हेडफोनमधून, अगदी रेकॉर्डिंगमधूनही एकसारखी ‘घूंऽऽ’ ऐकू येऊ लागली. तिच्यावर अधूनमधून कडकड. डोळ्यांनी वाचणारा पुसट छपाईतून वाट काढतो, पण ‘त्रिज्या’ हा शब्दच खरखरीत बुडाला, तर कानांनी भूमिती शिकणाऱ्या मुलीने काय करायचं?

एका दुकानात आधी विंडोज फॉरमॅट करायला सांगितलं, मग नवं साउंड कार्ड घ्यायला. शेवटी सल्ला मिळाला, ‘सीपीयूच्या वायरीची तिसरी पिन कापून टाका, घूं बंद होते.’ हे पत्र त्या सल्ल्यासाठी लिहिते आहे, कारण तो अनेकांना दिला जातो आणि वाईट म्हणजे त्याने आवाज पुष्कळदा खरंच बंद होतो.

तो का बंद होतो? संगणक एका बोर्डावर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर असला, की दोघांचं अर्थिंग (तिसऱ्या पिनेतून जमिनीत जाणारी वायर) आणि मधली ऑडिओची वायर मिळून एक कडं तयार होतं. त्या कड्यातून फिरणारा बारीकसा प्रवाह आपल्याला ५० हर्ट्झची घूं म्हणून ऐकू येतो. पिन कापली की कडं तुटतं. पण त्याच क्षणी सीपीयूच्या पत्र्याचा जमिनीशी असलेला भरवशाचा संबंधही तुटतो. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंधळ गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं, की पत्र्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे साधारण ११५ व्होल्टचा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून मागच्या स्क्रूला हात लागला तर नुसत्या झिणझिण्या येतात आणि लोक ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून देतात. उद्या आत फेजची वायर खरोखर पत्र्याला टेकली, तर विजेला जायला वाट नाही, जादा प्रवाह आला की वीज तोडणारा एमसीबी पडणार नाही, आणि वाट मिळेल ती हात लावणाऱ्याच्या अंगातून. घूं घालवायचीच, तर दोन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावाव्यात. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. तो आवाजाच्या वायरीतलं कडं तोडतो आणि अर्थिंगला धक्का लावत नाही.

प्रत्येक खरखर विजेचीच असते असं नाही. आवाजाचं बटण फिरवतानाच चरचर होत असेल, तर बटणाच्या आत धूळ आहे. माउस हलवला की बारीक किरकिर येत असेल, तर पुढच्या जॅकऐवजी मागच्या हिरव्या जॅकमध्ये पिन लावून बघावी. पुढची वायर कॅबिनेटच्या आतून ग्राफिक्स कार्डाजवळून येते आणि तिथला गोंधळ उचलते. मोठी फाइल उघडली की आवाज तुटत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे आवाजाचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. मदरबोर्डच्या कंपनीचा ऑडिओ ड्रायव्हर नव्याने टाकावा, विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमधलं ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करावं. यातल्या एकाही गोष्टीला नवं कार्ड लागत नाही.

आमच्याकडे दोष निघाला अर्थिंगच्या खड्ड्यात, म्हणजे अर्थिंगचा पाइप जिथे जमिनीत पुरलेला असतो तिथे. घर जुनं, अर्थिंगची वायर जागेवर होती. इलेक्ट्रिशियनने होल्डरला बल्ब लावून फेज आणि न्यूट्रलवर धरला तर तो लख्ख पेटला, फेज आणि अर्थवर धरला तर नुसता मिणमिणला. (हे काम जाणकारानेच करायचं आहे, घरच्यांनी नाही.) मग तो मागच्या अंगणात गेला. उन्हाने काळ्या मातीला भेगा पडून ती अर्थिंगच्या पाइपपासून सुटली होती. मधल्या फटीत बोट जाईल एवढी जागा. म्हणाला, ‘काकू, कूलर लावला का आवाज येते म्हणता, अन् काम्पुटर काहून खोलता? पहिले खड्ड्यात पाणी टाका.’ पाणी टाकल्यावर घूं बरीच उतरली. पुढे मीठ-कोळसा घालून खड्डा नवा केला तेव्हा ती पूर्ण गेली. कूलरचा पंप सुरू होताना येणारी ‘टक’ मात्र राहिली होती. ती कूलर दुसऱ्या लाइनवर घेतल्यावर थांबली.

कूलरचा करंट लागून माणूस दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचावी लागते. घरात अर्थिंग एकच असतं. माझ्या स्पीकरमध्ये घूं करणारा कोरडा खड्डा आणि ओल्या हाताने कूलरला शिवणाऱ्या पोराला वाचवू न शकणारा खड्डा हा तोच. म्हणून ज्यांच्या संगणकातून कूलर लावल्यावर घूं येते किंवा पत्र्याला झिणझिण्या येतात, त्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्यावं आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट अंगातून किंवा जमिनीत गळू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्यावा. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी ताबा घेताना अर्थिंगचं रीडिंग लेखी मागावं. आयएस ३०४३ हे भारतीय मानक अर्थिंगबद्दलच आहे, बिल्डरला ते नवीन नसावं.

दुरुस्ती करणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे: गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी पिन कापून देऊ नका. आणि संपादक महोदय, आपण मार्चमध्ये, कूलर माळ्यावरून खाली उतरतात त्या आठवड्यात, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकण्याची आठवण एका चौकटीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मानेवाडा, नागपूर