उल्हासनगरची एक तरी बॅरेक राहू द्या

मा. संपादक,

फाळणीनंतर सिंधी निर्वासित ज्या लष्करी बॅरेकींत राहिले, त्यांतल्या उल्हासनगरमधल्या उरल्यासुरल्या बॅरेकींच्या जागी आज ना उद्या इमारती उभ्या राहतील. तिथल्या रहिवाशांना पक्की घरं मिळायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. मागणी एवढीच की एक बॅरेक जशी होती तशी राखावी.

फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. सिंध प्रांत मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर तिथली सिंधी हिंदू माणसं मिळेल त्या बोटीने मुंबईला निघाली. त्यांतल्या सुमारे एक लाख लोकांची सोय झाली ती कल्याणजवळच्या, महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी छावणीत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र लोक अजून 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच सांगतात.

आमच्या शेजारच्या सिंधी आजी अशाच एका बॅरेकीत वाढल्या. लांबलचक शेड, मध्ये गोणपाट नाहीतर जुनी साडी बांधून केलेली बिऱ्हाडं. पलीकडचं कुणी खोकलं तरी इकडे झोपमोड व्हायची. कराचीत दुमजली घर असलेली त्यांची आई इथे उडदाच्या पिठात मिरी घालून पापड लाटायची आणि थोरला भाऊ ते लोकलमध्ये विकायचा. नळावर कुणी 'निर्वासित' म्हणून हिणवलं, तेव्हा ती उलट एक अक्षर बोलली नाही. हंडा भरून घरी आली आणि पुन्हा पोळपाटापाशी बसली. अशा दिवसांतही आल्यागेल्यापुढे आधी पापड आणि पाणी यायचंच!

शिक्षणाचंही तेच. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्येच मुंबईत जय हिंद कॉलेज उभं केलं. खुद्द उल्हासनगरात १९६५ मध्ये चांदीबाई कॉलेज सुरू झालं.

आणि आपण? उल्हासनगरचं नाव निघालं की 'नकली माल' म्हणून मोकळे होतो. कल्याणात आयुष्य काढलेल्या मला हे फार लागतं. शून्यातून, कुणाशी वैर न धरता उभ्या राहिलेल्या माणसांची ही काय ओळख झाली?

महापालिकेने आणि राज्य पुरातत्त्व विभागाने एक बॅरेक ताब्यात घ्यावी. त्या काळच्या ट्रंका, भांडी, रेशनकार्डं लोकांकडून मागवावीत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवाव्यात. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीला टेकली आहेत, म्हणून हे काम याच वर्षी हाती घ्यावं.

– एक वाचक, कल्याण (पूर्व)