काका, तुमची दादा लिहितेय

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र इंग्रजी करून तुम्हाला पाठवीनच, पण आधी माझ्या भाषेत लिहू द्या. माझ्या लोकांनाही कळायला हवं मी कोणाची ऋणी आहे ते.

स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. हे मला ठाऊक नव्हतं. टांझानियातल्या अरुशाला माझ्या भावाच्या दारात सफारीची गाडी लावून तुम्ही "करीबू (या, स्वागत), दादा" म्हणालात, आणि ज्या भावाला मी जन्मभर दादा म्हणत आले तो शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून तुम्ही माझे काका झालात.

फेब्रुवारीत सेरेंगेटी अभयारण्याच्या दक्षिणेकडचं मैदान विल्डबीस्टनी, म्हणजे हरणांच्या कुळातल्या त्या मोठ्या, गाईसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांनी, काळं झालं होतं. जुन्या ज्वालामुखींच्या राखेवर उगवलेलं ते आखूड गवत, त्यात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, म्हणून विणीला सगळे तिथेच येतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जमिनीवर पडतात. नाबी टेकडीच्या पुढच्या खडकांवर सहा सिंहिणी पोट भरून पसरल्या होत्या आणि तीन छावे त्यांच्या अंगावरून घसरत होते. मी सहज म्हणाले, हे लाखांचे कळप उत्तरेच्या मारा नदीकडे निघाले की सिंहही मागोमाग जात असतील.

तुम्ही गाडी बंद केलीत. माझी वही मागून घेतलीत आणि एक मोठं वर्तुळ काढलंत, त्याच्या आत वेडीवाकडी लहान वर्तुळं. मोठं वर्तुळ विल्डबीस्टची वर्षभराची चाल. लहान वर्तुळं सिंहांच्या एकेका कळपाचा मुलूख. "न्यूंबू (विल्डबीस्ट) पाहुणे आहेत, दादा. सिम्बा (सिंह) इथले राहणारे." विल्डबीस्टबरोबर शेकडो किलोमीटर चालत राहतात ते फक्त भटके सिंह, ज्यांना स्वतःची हद्द नाही. बाकीच्यांनी जागा सोडली तर शेजारचा सिंहांचा कळप ती बळकावतो, आणि परके नर आले तर छावे मारतात. लहान छाव्यांना एवढं चालवतही नाही. बहुतेक सिंहिणी जन्मभर माहेरीच राहतात, घर सोडतात ते मुलगे, हे ऐकून तर मी तुमच्याकडे बघतच राहिले.

गीर मी पाहिलं आहे. तिथे नर बहुतेक वेळ माद्यांपासून वेगळे राहतात आणि चितळ कुठे स्थलांतर करत नाही. तिथलं गणित मनात धरून आलेल्या मला तुम्ही पहिल्यापासून शिकवलंत. १९६६ पासून इथल्या सिंहांचा अभ्यास चालू आहे, मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून एकेक सिंह ओळखता येतो, हेही तुम्हीच दाखवलंत.

पण मनापासून आभार मानायचे आहेत ते सप्टेंबरचे. भावामुळे त्याच वर्षी पुन्हा येणं जमलं. मैदान करपलं होतं, एकही विल्डबीस्ट दिसत नव्हतं. सगळे पर्यटक उत्तरेला, नदी ओलांडणारे कळप बघायला. मी तुम्हाला म्हणाले, मला त्याच सिंहिणी बघायच्या आहेत. तुम्ही दोन दिवस शोधलंत. मुलुखाच्या पार कडेला, सेरोनेरा नदीच्या बाजूच्या झाडीजवळ त्या सापडल्या. घर सोडलं नव्हतं, घरातल्या घरात पाण्याकडे सरकल्या होत्या. फासळ्या मोजता येत होत्या. छावा एकच.

मी रडले. तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. इथले अर्ध्याहून जास्त छावे दोन वर्षांचे होत नाहीत, एवढंच सांगितलंत आणि थर्मासमधला चहा पुढे केलात.

मग एका सिंहिणीने वॉर्टहॉगचं, म्हणजे तिकडच्या सुळेवाल्या रानडुकराचं, बीळ उकरायला घेतलं. आपण रस्त्यावर, ती बरीच आत. दुसरी एक गाडी रस्ता सोडून थेट तिच्याकडे गेली. मीही म्हणाले, आपणही जाऊ या ना. तुम्ही मान हलवलीत. "आज तिच्या पोराला खायचं आहे." ती गाडी निघून जाईपर्यंत सिंहीण बाजूला बसून राहिली, मग पुन्हा मातीत पंजे घातले. रेडिओवर कुठेतरी बिबट्या दिसल्याची बातमी आली, तुम्ही रेडिओ बंद केलात. जवळजवळ तीन तास आपण बसलो. शेवटी धुरळा उडाला आणि काही वेळाने तो एकटा छावा तोंड लाल करून बाहेर आला. दुर्बिणीतून तो मला नीट दिसला तो तुमच्या थांबण्यामुळे.

नोव्हेंबरात तुमचा व्हॉइस मेसेज आला. बोलणं थोडंच, गाडीच्या टपावर पडणाऱ्या पावसाचा आवाज जास्त. वुलीचा (वर्षाअखेरचा छोटा) पाऊस लागला, न्यूंबू दक्षिणेकडे फिरले, असं तुम्ही सांगत होतात. आठवीच्या वर्गात मी तो ऐकवला आणि फळ्यावर तुमचं वर्तुळ काढलं. मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो छाव्याचा. दिसला तर कळवा, नाही दिसला तरी कळवा.

तुमच्या दुर्बिणीचा पट्टा तुटलेला होता. नवा घेऊन ठेवला आहे, भावाबरोबर पाठवते.

असांते साना (खूप आभार), काका.

तुमची,
दादा
(कऱ्हाड)